पाणी चढ चढत नाही, रुक्साना

रुक्साना, तुझी मयत उठली तेव्हा मी अम्मीजवळ आतल्या खोलीत बसले होते. तुमच्यात माती, आमच्या लिंगायतांतही मातीच. आणि बायांनी उंबऱ्याच्या आत थांबायचं हेही दोन्हीकडं सारखंच. एवढं आभाळ पालथं घातलेली तू, आणि तुला चार पावलं पोचवायला मला बाहेर पडता येईना. असला राग आला म्हणून सांगू! अम्मीनं माझा हात धरून ठेवला होता. मधेच म्हणाली, "मंगल, तू सकाळपासून काई खाल्लं का न्हाई?" पोटची पोर गेलेली बाई मला जेवणाचं विचारत होती. मग मात्र मी रडले.

काल आपल्या गेवराईच्या शाळेत तुझी शोकसभा झाली. तिथं मी बोलले. आपला तो एक वाद शिल्लक होता ना, नकाशातल्या रेषांचा, तो मी सगळ्यांसमोर माझ्या बाजूनं संपवून टाकला. तू असतीस तर पदर ओढून मला खाली बसवलं असतंस. आता तुला ऐकून घ्यावंच लागेल, बये.

पण आधी मला मनासारखं बोलू दे. काल माईकवर ज्यांनी तुला "मॅडम, मॅडम" म्हटलं, त्यांना तू कुठं माहीत आहेस? मला तू माहीत आहेस ती दप्तरात टरबुजाच्या बिया भाजून आणणारी. मी किराणा दुकानदाराची पोर, तू टरबूजवाल्याची. दोघींच्या तोंडाला कुलूप नाही म्हणून बाईंनी आपल्याला पहिल्या बाकावर आणून बसवलं. त्यानं काय फरक पडणार होता? बाईंनाच ऐकू जायला लागलं सगळं.

पाऊसकाळ सरला की तुझे अब्बा गंगेच्या पात्रात वाडी करायचे. पुस्तकात गोदावरी असेल, आपल्याकडं ती गंगाच. वाळूत चर खणून टरबुजाचे वेल लावायचे, भोवती पाणकणसाचा कूड, आणि आत तुमचं सगळं घरदार. उन्हाळ्यापर्यंत तुम्ही तिथंच राहायचात. आमच्या घरी शिवरात्रीच्या उपासाला टरबूज यायचं ते तुमच्याच वाडीचं. पुढं माझं लग्न झालं ते नेमकं त्याच काठावरच्या गावात. तू हसून हसून लोळलीस. म्हणालीस, "माझ्या वाडीच्या अंगणात तुझं सासर! आता मला इचारून नांदायचं, समजलं?" विचारून कसली नांदते? पण गावातल्या वाटा मला सासूनं दाखवायच्या आधी तू दाखवल्या होत्यास, हे खरं.

मग तू औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेलीस, तिथून पुण्याला. नव्याचं वारं सुटलं होतं तेव्हा. गेवराईच्या स्टँडसमोर एसटीडीची पिवळी पाटी लागली, तिची नवलाई ओसरते न ओसरते तोवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला. पुण्यात बाहेरदेशच्या कामाच्या कंपन्या निघाल्या आणि त्यातल्या एकीत तू नकाशे करायला लागलीस. आणि इकडं मी आरक्षणात सरपंच झाले. गावाला वाटलं, बरं झालं, सही करायला एक बाई मिळाली. गावाचा तो अंदाज लई चुकला.

विमान आलं ते ऐन उन्हाळ्यात. तू फोनवर सांगितलं होतंस, "मंगल, गंगेच्या काठानं विमान फिरंल. घाबरू नका म्हून सांग लोकायला." मी सांगितलं, पण ऐकतो कोण? ते एवढं खालून, एकदा इकडून तिकडं अन् पुन्हा तिकडून इकडं, औत धरल्यासारखं फिरायला लागलं. तशा वाळूच्या गाड्या पात्रातून ज्या पळाल्या, ज्या पळाल्या! कुणीतरी उठवलं होतं की सरकार वरून वाळूचोर टिपतंय. उपसरपंच नारायणरावांचा एक पुतण्या तर ट्रॅक्टर सोडून उसात लपला. मी ओट्यावर उभी राहून एवढी हसले की सासू म्हणाली, "सरपंचाला शोभतं का?" मी म्हटलं, "आत्याबाई, माझ्या मैतरणीनं धाडलंय ते इमान. आज मला सगळं शोभतं."

तू आत बसलेली नव्हतीस, हे मला मागाहून कळलं. तोपर्यंत मी अख्ख्या गावाला हात करायला लावलं होतं.

नंतर तू आलीस आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून विमानातल्या लेझरचं काम समजावलंस. कॉलेजात शिकवलं असतंस ना तू, तर पोरं पास झाली असती. पिठाची चाळणी हातात घेतलीस. म्हणालीस, "इमान खाली उजेड टाकतं. काही उजेड झाडाच्या शेंड्याला लागून माघारी येतो. काही पानाच्या फटीतून निसटून जमिनीला लागतो अन् मग येतो, जरा उशिरानं. वर राहिला तो कोंडा म्हंजी झाड, खाली पडलं ते पीठ म्हंजी जमीन. आमी दोन्ही येगळं करतो. मग कळतं, झाडी किती दाट हाय, तिच्या खाली जमीन कशी हाय, अन् पूर आला तर पाणी कुटं अडंल." सासूनं विचारलं, "आन् चाळणी फाटकी असली तर?" तू म्हणालीस, "मग माझी नोकरी जाती, आत्याबाई." तेव्हा आपण हसलो. पण चाळणी पहिल्यांदा खरंच फाटकी निघाली होती.

गोष्ट ओढ्याच्या तोंडाची. आपल्या गावाला वळसा घालून ओढा जातो आणि गंगेला मिळतो. मिळतो त्या तोंडाशी येडी बाभूळ आणि बेशरमीचं रान माजलेलं, माणूस दिसणार नाही इतकं दाट. त्याला लागून खालची आळी. गंगा फुगली की ओढ्याचं पाणी बाहेर पडायला बघतं आणि तिथंच तटतं. तुझ्या ऑफिसात पहिला नकाशा निघाला त्यात त्या रानाखाली बारीक बारीक ओघळी दिसल्या, घरांच्या मागून निघून रानात शिरणाऱ्या. संगणकानं हिशेब मांडला की एवढ्या ओघळींतून पाणी वाहून जाईल, आळीला धोका नाही. तुझ्यासोबतच्या पोरांनी तेच म्हटलं, आणि तूही त्यावर सही केलीस.

मग तुझा फोन आला. नुसतं मंगल, मंगल करत राहिलीस. मला वाटलं, अब्बांना काही झालं का काय! शेवटी तू म्हणालीस, "मंगल, त्या वघळी न्हाईत गं. मी आज पुन्यांदा बघितल्या. त्या रेघा पारापाशी आल्या की मागं वळतात अन् टेकाडावरून जातात. पाणी चढ चढतं का कदी? पाणी चढ चढत न्हाई, मंगल. बाई चढती."

पारावर गडीमाणसं बसतात. त्यांच्या समोरून कसं जायचं म्हणून आम्ही बाया परसाकडला जाताना पाराच्या मागून, टेकाड चढून, हातात टमरेल पदराखाली धरून जायचो. माझी सासू तशीच गेली, तिची सासू तशीच. त्या पावलांनी जमीन खोलगट झाली होती, आणि तुझ्या विमानानं ती वरून पाहिली होती. वाटा रानात शिरायच्या आणि तिथंच संपायच्या. त्यातून थेंबभर पाणी पलीकडं जाणार नव्हतं.

"वाडीवर ऱ्हायचो तवा मी त्याच वाटेनं अम्मीचं बोट धरून जायची," तू म्हणालीस. "पुण्याच्या फ्लॅटात राहून मी इसरले, मंगल. मी! दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं, पण मला कळू नये?" मी म्हटलं, "अगं, कळलं ना शेवटी? मग रडती कावून?" तू म्हणालीस, "पूर आला असता तर?"

तू हिशेब पुन्हा मांडलास. आपली चूक आपल्या तोंडानं साहेबाला सांगितलीस. ओघळी नाहीत असं धरलं तर पाणी थेट खालच्या आळीत शिरत होतं, अगदी कडेच्या गयाबाईच्या घरात कमरेपर्यंत. पाऊस तोंडावर आलेला. तू तशीच एसटीनं आलीस आणि ग्रामसभेत उभी राहून सांगितलंस की ओढ्याचं तोंड मोकळं करा. गडी लगेच "हो" म्हणाले. लाकूड मिळणार, जळण मिळणार, त्यांचं काय जात होतं? दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन माणसं गेली, तर गयाबाई रानाच्या तोंडाशी बसलेली, मागं आळीतल्या सगळ्या बाया. गयाबाईची जीभ कोयत्यासारखी, पण त्या दिवशी ती काही बोलेचना. नुसती बसून. ग्रामसेवक विचारतो, "बाई, तुमच्याच घरात पाणी शिरायलंय, मग अडवता कावून?" बाया जमिनीकडं बघत राहिल्या. नारायणराव म्हणाले, "बायकांची अक्कल! चार दिस बसतील आन् उठतील."

तिथं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नारायणराव, उचलली जीभ लावली टाळ्याला! ह्या बाया जातात कुटं, ते ठाऊक हाय का तुमाला? तुमी रान तोडलं तर उद्या त्यांनी तुमच्या पारावर बसायचं का?" नारायणराव पुटपुटले, "संडासाचं बघू की पुढं." मी म्हटलं, "पुढं म्हंजी वरातीमागून घोडं. आधी आडोसा, मग कुऱ्हाड!" गयाबाईनं तेवढंच उचललं. आधी आडोसा, मग कुऱ्हाड. दुपारपर्यंत आळीतली शेंबडी पोरंसुद्धा ओरडत होती.

तू मात्र माझ्यावर उखडलीस. "मंगल, संडास हुईस्तोवर पाऊस थांबंल का? पाण्याला तुझा ठराव दाखवती का?" त्या दिवशी माझ्या ओसरीवर आपण कडाकडा भांडलो. मी म्हटलं, तुला पाणी दिसतं, बाया दिसत नाहीत. तू म्हणालीस, तुला बाया दिसतात, त्या वाहून गेलेल्या दिसत नाहीत. दोघींचं खरं होतं. सासूनं मधे चहा आणून ठेवला, तो निवला.

आणि मग तू काय केलंस! तो नकाशा जमिनीवर पसरलास, रान कुठं किती दाट, खालची जमीन कुठं सखल, ते बघत बसलीस. गयाबाईला बोलावून घेतलंस. तिला विचारलंस, कुठला भाग मोडता येतो, कुठला नाही. तिनं बोटानं दाखवलं. तू रेघ मारलीस. ओढ्याच्या कडेची पट्टी मोकळी केली तरी पाणी निघत होतं, आणि टेकाडाकडचं रान राहू देता येत होतं. "पाण्यापुरतं तोडा, बायांपुरतं ठेवा," तू म्हणालीस. गयाबाई म्हणाली, "हे आधी बोलायचं की, टरबूजवाल्याची." दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड पहिल्यांदा गयाबाईनं चालवली. मी तुला तेव्हा म्हटलं नाही, पण माझी छाती अशी फुगली होती की ब्लाउज उसवला असता. एवढ्या मोठ्या यंत्राचं काम, आणि त्याची रेघ तू खालच्या आळीतल्या बाईला विचारून मारलीस.

पाऊस त्या साली बेफाम झाला. वरच्या धरणातून पाणी सुटलं, गंगा दोन्ही थड्या भरून आली. पात्रातली झाडं उन्मळून वाहत होती. मी सकाळपासून आळीत उभी. ओढ्याचं पाणी चढत चढत आलं, तोंडाशी घोटाळलं, आणि मग त्या मोकळ्या पट्टीतून खळखळ करत निघायला लागलं. दोन भिंती खचल्या, चिखल झाला. माणूस गेलं नाही, जनावर गेलं नाही. तुझा फोन. "पाणी कुटपर्यंत?" मी ओरडून सांगितलं, "गयाबाईच्या पायरीला लागलं आन् थांबलं!" तू म्हणालीस, "पायरीला लागलं? मी पायरीच्या खाली सांगितलं व्हतं. तेवढं चुकलंच माझं." आगं माय! इथं अख्खी आळी वाचली, आणि ही बाई पायरीसाठी चुकचुकतेय!

संडास पुढच्या वर्षी झाले. मी सही केल्याशिवाय दुसरा कुठलाच कागद हलू दिला नाही. नारायणराव अजून मला बघितलं की घसा खाकरतात.

वाद राहिला तो त्या रेषांचा. नव्या नकाशातून तू त्या पुसल्यास. कारणात लिहिलंस, प्रत्यक्ष पाहणीवरून दुरुस्ती. मी म्हटलं, ठेव गं त्या, आणि खाली नाव लिही, बायांच्या पायवाटा. तू भडकलीस. "हा कागद मुंबईला जातो, बाहेरदेशी जातो. तितला साहेब बोट ठेवून इचारंल, हे काय? मी काय सांगू? माझी अम्मी परसाकडला जायची ती वाट? तिची इज्जत मी कागदावर मांडू?" मी म्हटलं, "लाज जाणारीची न्हाई, रुक्साना. जायला जागा दिली न्हाई, त्याची हाय." तू म्हणालीस, "तुझं भाषण ग्रामसभेत ठेव."

मग दर ईदला, दर दिवाळीला, मिस्ड कॉल देऊन फोन लावायला लावून, आपण त्याच्यावर भांडलो. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तुला बघायला आले तेव्हाही तू सुकून काडी झालेली, तरी म्हणालीस, "त्या रेघा काढल्या का न्हाई डोक्यातून?" मी म्हटलं, "बरी हो आधी, मग भांडू." तू हसलीस. मला त्या वेळी दुसरंच बोलायचं होतं. तुझा मला किती अभिमान वाटतो, ते सांगायचं होतं. आपल्यात असलं बोलायची रीतच नव्हती. आता सांगते. अगं, तुझं नाव कुणी काढलं की मी लगेच म्हणते, "माझ्या बाकावरची ती." न विचारता म्हणते.

तर काल. एक साहेब बोलायला उठले. चांगला माणूस, तुझ्याविषयी मनापासून बोलत होता. म्हणाला, "मॅडमनी नकाशातल्या चुकीच्या ओघळी शोधून गाव वाचवलं. अशी सूक्ष्म नजर विरळा." समोर शाळेच्या पोरी बसलेल्या, रिबिनी बांधलेल्या, आपण तेव्हा होतो त्या वयाच्या. मागं खालच्या आळीच्या बाया. काळीपिवळी जीप करून मी त्यांना आणलं होतं. पुढच्या रांगेत अम्मी. मला राहवेना. मी उठले आणि माईक घेतला.

म्हटलं, "साहेब, सूक्ष्म नजर होतीच. पण ते दिसलं कसं, ते पोरींना कळू द्या. त्या ओघळी नव्हत्या. आमच्या गावच्या बाया परसाकडला जायच्या, त्या पायवाटा होत्या. पारावरच्या माणसांना टाळून चढावरनं जाणाऱ्या. आभाळातून विमानानं त्या पाहिल्या, संगणक त्यांना पाणी समजला. रुक्सानानं ओळखल्या, कारण ती स्वतः त्या वाटेनं चाललेली होती. इंजिनिअर तर ती होतीच, पण ती आमच्या वाटेवरची इंजिनिअर होती."

एक पोर हसायला लागली आणि शेजारणीनं तिला चिमटा काढला. मला वाटलं, तुझंच खरं होतं, रुक्साना, मी चारचौघांत तुझ्या आईची इज्जत काढून बसले. अम्मीकडं बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात मागून गयाबाई उठली. "त्यातली एक वाट माझी व्हती," म्हणाली. "बाभळीच्या बुडापातूर जायची." मग तिच्या शेजारची, "माझी बी व्हती." मग अजून एक. साहेब खाली बसले.

आणि मग पुढच्या रांगेत बुरखा सावरत, खुर्चीचा हात धरून अम्मी उभी राहिली. पोरी वळून बघायला लागल्या. अम्मीनं माझ्याकडं बघितलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "मेरी बी थी, मंगल. बेटी का हात पकडके जाती थी मैं."

आता बोल, रुक्साना. काय बोलायचंय ते बोल.